वजनाची वही

उद्यमबागेत सगळं जड तयार होतं.
पंपाची कवचं, फ्लायव्हील, मोटारीचे पाय,
ट्रॅक्टरच्या पोटातली न दिसणारी हाडं.
माझा बाप भरमाणा बत्तीस वर्षं
काळ्या रेतीत साचा दाबत आला,
निवालेलं कास्टिंग हातावर तोलून
सांगत आला, 'हे टिकंल.'

मी देसूरच्या शेडमध्ये उलटं काम करते.
माझ्याकडं एक वही, एक तराजू,
आणि चौघांना उभ्याउभी वर नेणारं एक यंत्र,
जे अजून गेलेलं नाही.
आठ पंखे. पोटात बॅटरी, दोनशे बारा किलो.
मागं एक लहानसं इंजिन:
उठताना बॅटरी सगळा दम लावते,
वर गेल्यावर इंजिन तिला भरवत राहतं,
रात्रपाळीतल्या सोबत्यानं आपल्या डब्यातला
घास पुढं करावा तसं.

प्रत्येक बोल्ट माझ्या हाताखालून जातो.
वजनवाली म्हणतात मला, थोडं चिडून.
मुश्ताकनं वायरींना बांधलेल्या पट्ट्यांची
टोकं कापायला लावली: एकशे चाळीस ग्रॅम.
हिरेमठ मॅडमनी सीटचा फोम खालून कोरला: नऊशे.
तरी अकरा किलो जास्तच.
झोपेत वजाबाकी चालते माझी.
एकदा कानातलीही काढून ठेवली, उगाच.

मग दारावरच्या नावाचा प्रश्न आला.
कुठल्या लिपीत?
मीटिंग दुपारभर चालली, चहा दोनदा आला,
कुणी कुणाकडं बघेना.
मी दोन पत्रे घेतले,
एकावर कन्नड लिहून घेतलं, एकावर मराठी,
रंग वाळू दिला, तोललं.
कन्नड चौदा ग्रॅम, मराठी तेरा.
पुन्हा तोललं तर उलटं.
आधी मॅडम हसल्या, मग मुश्ताक.
ठरलं, चाचणीपुरतं पांढरंच उडू दे.

माणसं बसवायची परवानगी नव्हती.
बासमतीची पोती आणली चार, ऐंशी-ऐंशी किलोची,
त्यांना बेल्ट लावले.
फ्लोरिननं पोटांवर खडूनं लिहिलं:
डॉक्टर. पेशंट. पेशंटचा भाऊ.
चौथ्यावर, 'खानापूरची मावशी, सहज आलेली'.

आणि ते हातचं सुटू नये म्हणून
चार लांब साखळ्या, टोकांना चार ठोकळे,
चारशे किलोंचा एकेक, बिडाचा.
ऑर्डर बापाच्या फौंड्रीत गेली.
जेवताना म्हणाला,
'हलकं करायला पगार घेतीस,
आणि धरून ठेवायला आमचंच बीड लागतंय की गे!'
आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

जानेवारी. सकाळचे सात.
भात कापलेल्या वाफ्यांत खुंटांवर दव.
पंखे फिरले. बराच वेळ नुसता आवाज,
पेंढा उडाला, कुणाची तरी टोपी गेली.
मग आधी टायर गोल झाले.
एवढंच. चपटे होते, ते गोल झाले.
मग त्यांच्याखालून पलीकडचा बांध दिसला,
बांधावरचं कुत्रंही.
दीड हात.
बॅटरी एकाहत्तरवर आली,
इंजिन खोकलं, थांबलं,
माझ्या पोटात खड्डा,
आणि लागलं.

बाप लांबच्या ठोकळ्यापाशी उकिडवा बसलेला,
आपल्याच बिडावर तळहात टेकवून.
काहीतरी ओरडला.
पंख्यांत ऐकू आलं नाही, ओठ वाचले:
'वढायलंय गे. वढायलंय.'

अठ्ठेचाळीस सेकंद.

नंतर पोती उतरवून पुन्हा तोलली.
डॉक्टर, पेशंट, भाऊ, जसेच्या तसे.
मावशीची शिवण उसवलेली,
तीनशे दहा ग्रॅम कमी.
फ्लोरिननं सीटखाली हात घालून
दाणा दाणा गोळा केला: दोनशे साठ.

उरलेले पन्नास
वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.